आमच्या घरमालकांचा पक्ष

दुसऱ्याने कसं वागावं हे सांगायची हौस नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा घरमालक निघाला. एरवी घरमालक म्हटलं की खिळे ठोकू नका, पाहुणे फार दिवस ठेवू नका, कठड्यावर गोधड्या वाळत घालू नका, हे ओघाने आलंच. लग्न होऊन मी कासारवाडीला आले तेव्हा ह्यांनी वाटेतच सांगून ठेवलं होतं, "मालक जरा वेगळे आहेत. घाबरू नकोस." मी तेव्हा सगळ्यालाच घाबरायचे. रुळांवरून गाडी गेली की मांडणीतली भांडी थरथरायची, त्याला घाबरायचे. शेजारणींच्या हसण्याला घाबरायचे. आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंतच होती आणि तिथून पुढे मी घराबाहेर कुणाशी फारशी बोललेच नव्हते. तर त्या पहिल्या दिवशी देवाच्या तसबिरीसाठी खिळा मारायचा होता आणि मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहून कुजबुजत होते, की मालकांना आधी विचारा. ते मालकांना ऐकू गेलं. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खिशाला पेन आणि चेहरा असा गंभीर की आता खोलीच रिकामी करायला सांगतात की काय. म्हणाले, "भाडं तुम्ही देता, म्हणजे भिंत तुमची. खिळा मारा नाहीतर खिडकी पाडा. जाताना होती तशी करून द्या, झालं." मी हुश्श केलं, तोच ते पुढे म्हणाले, "आणि तुमच्या दुपारच्या झोपेच्या वेळी शेजारच्यांनी त्यांच्या भिंतीत खिळा मारला, तर माझ्याकडे यायचं नाही. भिंत त्यांची आहे."

त्यांची ती जागा म्हणजे खोल्यांची एक लांब ओळ, पुढे सगळ्यांची मिळून एक ओसरी आणि ओसरीच्या टोकाला एकच नळ. या नळाचा नियम काय, असं कुठल्याही नव्या भाडेकरूने विचारलं की ते खूश होत. "नियम नाही," असं ते आपल्या जागेत हापूसचं झाड आहे अशा थाटात सांगत. नळावर भांडण झालं आणि कुणी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलं, की ते पेन काढून खिशात परत ठेवत आणि म्हणत, "मी मध्ये पडणार नाही. तुम्ही आपापसात करार करा." माझे डबे असायचे. आमचे हे चाकणच्या कंपनीत. त्यांच्या कंपनीच्या बसने जाणारी, एकेकटी राहणारी पोरं माझ्याकडून डबा घ्यायची, त्यामुळे पहाटेचं पाणी मला हवंच होतं. ते मागायचं कसं या काळजीत मी आठवडाभर नळाच्या आसपास नुसती घुटमळत राहिले. मग एका दिवशी अचानक सगळं सुरळीत झालं. पहाटे माझी पाळी, मग गॅरेजवाल्या चाचांच्या घरची, मग पुढच्यांची. कुणाची कुरकुर नाही. घरमालक ओसरीवर येऊन आम्हा बायकांकडे कौतुकाने बघत म्हणाले, "बघा. सरकारशिवाय झालं की नाही?" तेव्हा काकू, म्हणजे त्यांची बायको, गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सरकार नव्हतं, पर मी हुते की," त्या म्हणाल्या. "समद्यांच्या घरी जाऊन सांगितलं म्या, की पोरीच्या डब्याआधी कुनी नळाला हात लावाल तर घागर फोडीन." घरमालकांनी हे ऐकलंच नाही. आपल्या तत्त्वाला गैरसोयीचं असेल ते त्यांना ऐकू यायचं नाही, आणि काकू बोलत त्यातलं बहुतेक त्यांच्या तत्त्वाला गैरसोयीचंच असे.

दुसऱ्याचा उंबरठा ही त्यांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. आमच्या त्या ओळीत दारं दिवसभर सताड उघडी, पोरं एका घरात जेवायला बसून दुसऱ्या घरात उठायची, मांजराला तर आपलं घर कुठलं हेही ठाऊक नव्हतं. अशा ठिकाणी हा जागेचा मालक उघड्या दाराबाहेर उभा राहून कडी वाजवायचा आणि "आत येऊ का?" म्हणून विचारायचा. आपण "या ना" म्हणेपर्यंत पाऊल आत नाही. एकदा मी दूध गॅसवर ठेवून मागे कपडे वाळत घालायला गेले. परत येते तर दारात घरमालक उभे, डोळे आत गॅसकडे लागलेले, आणि घसा ताणून विचारताहेत, "दूध उतू जातंय, आत येऊ का? अहो, आत येऊ का?" दूध सगळं शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली. गॅस विझलेला. वास सुटलेला. मी धावत जाऊन बटण बंद केलं. ते घामाघूम झाले होते. त्यांना खरंच त्रास झाला होता, ते दिसत होतं. पण पाय उंबरठ्याच्या बाहेरच. संध्याकाळी दुधाची पिशवी घेऊन आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "यापुढे दूध उतू जात असताना मी आत आलो तर चालेल का, ते आत्ताच सांगून ठेवा." मी मान डोलावली. "तोंडाने सांगा," ते म्हणाले. मी "चालेल" म्हटलं. त्यांच्याशी मी बोललेला तो पहिला शब्द.

सरकारशी मात्र त्यांचं बिलकूल पटत नसे. त्यांचं म्हणणं असं, की सरकारने चोर धरावेत, न्याय द्यावा आणि बाकी वेळ गप्प बसावं. आता हे म्हणणारे पुष्कळ असतात, पण म्हणतात आणि रांगेत उभे राहतात. आमचे घरमालक रांगेत उभे राहायचे नाहीत. वय झाल्यावर बसमध्ये सवलतीचं तिकीट मिळायला लागलं, तर हे पूर्ण तिकीट मागायचे. कंडक्टर म्हणे, "आजोबा, तुम्हाला कमी पडतं." हे म्हणत, "मला कमी पडतं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी जास्त पडतं. त्याचं नाव सांगा, मी त्याला विचारतो." एकदा मी त्याच बसमध्ये होते. नाशिक फाट्यापर्यंत हा वाद चालला, मागची माणसं ओरडायला लागली, आणि मी खिडकीकडे तोंड करून आपली यांची ओळखच नाही असं दाखवत बसले. सिग्नल ते पाळायचे, अगदी काटेकोर, रस्ता रिकामा असला तरी. कुणी छेडलं की म्हणत, "मी स्वखुशीने थांबलोय."

हे त्यांच्यात आलं कुठून, यावर आमच्या ओळीत दोन मतं होती. ते स्वतः सांगत, की कंपनीत असताना तिथल्या वाचनालयात कुणा परदेशी माणसाचं एक जाड पुस्तक हाती लागलं, आणि जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं वाचत ते त्यांनी सबंध नोकरीभर पुरवलं. काकूंचं मत वेगळं होतं. त्यांनी मला एकदा पापड लाटताना सांगितलं. घरमालकांच्या वडिलांचं शेत कारखान्यांसाठी गेलं. पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले, फसवलं कुणी नाही. "पर म्हातारा मरस्तवर एकच म्हनायचा, की मला कुनी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मी दिलं बी असतं. तेवढंच डोक्यात घेऊन बसलेत हे." घरमालक स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत. उलट कुणी विषय काढला तर म्हणायचे, "माझं शेत गेलं म्हणून मी बोलतो, असं समजू नका. तुमचं गेलं असतं तरी बोललो असतो."

निवृत्त झाल्यावर त्यांनी पक्ष काढला. रविवारी सकाळी ओसरीवर सतरंजी पडायची आणि आठ-नऊ माणसं जमायची. पक्षाचा चहा करायला काकूंनी साफ नकार दिला, म्हणून ते काम घरमालकांनी रीतसर मला सांगितलं, आणि त्या चहामुळे मी आमच्या दाराआड बसून इतकं राजकारण ऐकलं की आजही बातम्या बघताना मला मधूनच हसू येतं. या पक्षात बहुमत नव्हतं. जास्त माणसांनी थोड्या माणसांवर आपलं म्हणणं लादायचं, तर मग सरकारात आणि आपल्यात फरक काय, असं घरमालक म्हणत. सगळ्यांचं एकमत झालं तरच ठराव. त्यामुळे पक्षाला नाव नव्हतं. नावावर किती रविवार गेले देव जाणे. झेंड्याचं तेच. चहात आलं घालावं यावर एकदा एकमत झालं होतं, पण पुढच्या आठवड्यात गॅरेजवाल्या चाचांनी, "काका, मला ॲसिडिटी होते, मी माझं मत परत घेतो," असं सांगितलं आणि तो ठरावही पडला. चाचा पक्षात होते ते घरमालकांवरच्या मायेपोटी. त्यांच्या गॅरेजसमोर पालिकेची गाडी येऊन बाहेर ठेवलेले टायर उचलून न्यायची, आणि तेव्हा आमच्या पूर्ण ओळीतून एकटे घरमालक त्या गाडीपुढे जाऊन उभे राहिले होते.

मतं मागायची नाहीत, हाही पक्षाचा नियम. आपण फक्त सांगायचं, ज्याला पटेल तो देईल. आणि सांगण्यात घरमालकांची एक मोठी पंचाईत होती. त्यांचं पहिलं वाक्य लोकांना फार आवडायचं. ते हातगाडीवाल्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची गाडी उचलायचा कुणालाही हक्क नाही. परवाना कशाला हवा? माणसाला पोट भरायला परवानगी लागते का?" टाळ्या पडल्या. एकाने वडापावसुद्धा पुढे केला. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि उद्या तुमच्या शेजारी आणखी दहा गाड्या लागल्या, तर तुम्हीही ओरडायचं नाही. ही जागा माझी ठरलेली, असं कुणालाच म्हणता येणार नाही." टाळ्या थांबल्या. वडापाव परत गेला. रिक्षास्टँडवर तेच. "दंडाच्या नावाखाली तुम्हाला छळतात, ते बंद झालं पाहिजे" इथपर्यंत रिक्षावाले म्हणाले, "काका, तुम्हीच उभे राहा." पुढे "आणि ज्याला चालवायची त्याला रिक्षा चालवू द्यावी" हे आलं आणि ते म्हणाले, "काका, तुम्ही घरीच बरे." सोसायटीतल्या लोकांना त्यांनी सांगितलं, की आपल्या गच्चीवर खोली बांधायला कुणाला विचारायची गरज नाही. लोक खुर्च्या पुढे सरकवून ऐकायला लागले. "आणि समोरच्याने बांधली, तुमचं ऊन गेलं, तर ते तुम्ही दोघांनी बोलून मिटवायचं." खुर्च्या मागे गेल्या. मी दाराआडून हे चाचांच्या तोंडून ऐकायचे. चाचा नक्कल फार छान करायचे, आणि घरमालक समोर बसून स्वतःच्या नकलेला मनापासून हसायचे.

अशात पुनावळ्याचा इंजिनियर पक्षात आला. आयटीतला होता, तिशीतला, बोलायला गोड. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवरून त्याचं कुठल्यातरी ऑफिसात वाजलं होतं आणि कुणीतरी त्याला आमच्या घरमालकांचं नाव सांगितलं. पहिल्याच रविवारी त्याने चहाचे कप स्वतः उचलून माझ्या दारात आणून दिले आणि "वहिनी, चहा एक नंबर," म्हणाला. घरमालकांवर त्याचा फार जीव होता, आणि त्यांचाही त्याच्यावर. भांडणं मात्र दर रविवारी.

"काका, तुम्ही पहिल्या वाक्यावर थांबा ना," तो म्हणे.

"आणि दुसरं वाक्य?"

"ते निवडून आल्यावर सांगू."

"म्हणजे आधी फसवायचं."

"फसवायचं नाही हो, टप्प्याटप्प्याने सांगायचं. तुमचं सगळं खरं आहे, पण या खऱ्याला ऐकायला ओसरीवर नऊ माणसं आहेत. त्यातला एक चहासाठी येतो."

"मी चहासाठी येत नाही," चाचा म्हणत. "मला ॲसिडिटी आहे."

घरमालक पेन उघडत, बंद करत आणि म्हणत, "अर्धं औषध देऊन रोगी बरा होत नाही." इंजिनियर म्हणे, "काका, तुमच्या दवाखान्यात रोगीच येत नाही." मग दोघंही हसायचे. त्या हसण्यात मात्र हळूहळू काहीतरी अवघडल्यासारखं यायला लागलं होतं. घरमालक थकत चालले होते. एखाद्या रविवारी सगळे गेल्यावर ते सतरंजीवर एकटेच बसून राहायचे. एकदा काकूंना म्हणाले, "आपल्यातलं एक माणूस तरी पालिकेच्या सभागृहात उभं राहून बोललेलं बघायला मिळालं असतं, तर बरं झालं असतं." काकूंना त्यावर काही टोला सुचला नाही, तेव्हाच मला कळलं की ते मनापासून बोलले.

मग पालिकेची निवडणूक आली. इंजिनियर एका रविवारी घाईघाईने आला. आमच्या भागातल्या एका मोठ्या पॅनेलला महिला राखीव जागेसाठी उमेदवार मिळत नव्हती. जी होती तिच्यावरून त्यांच्यात फाटाफूट झाली होती. बाहेरची, स्वच्छ, लोकांच्या ओळखीची बाई मिळाली तर ते पाठिंबा द्यायला तयार होते. "काका, असं परत मिळायचं नाही," तो म्हणाला. "आपलं माणूस आत जातंय." आता राखीव जागा हा प्रकारच घरमालकांना मान्य नव्हता. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाले, "जागा राखीव आपण केलेली नाही. केलेली आहे, तर बसायला काय हरकत आहे?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वाकताना पाहिलं. त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. बाई कोण, असा प्रश्न आला. काकू आतूनच म्हणाल्या, "माझ्याकडं बघू बी नगा." तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, आणि सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"वहिनी!" इंजिनियर म्हणाला. "अहो, अर्ध्या वॉर्डाने यांच्या हातचा डबा खाल्लाय. कुणाशी भांडण नाही, कुणाचं वाईट नाही."

"पण त्या बोलत नाहीत," कुणीतरी म्हणालं.

"तोच तर फायदा आहे. दुसरं वाक्य येणारच नाही."

सगळे हसले, घरमालकही हसले. आमचे हे सुट्टी म्हणून तिथेच बसले होते. त्यांनाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. आपल्या बायकोचं नाव असं चारचौघांत निघालेलं कुणाला आवडणार नाही. इंजिनियरने त्यांना विचारलं, "तुमची काही हरकत?" हे म्हणाले, "माझी कसली हरकत? आणि तिचं म्हणाल तर ती कशालाच नाही म्हणत नाही." सगळ्यांनी हात वर केले. ह्यांनीही केला. घरमालकांनी सगळीकडे नजर फिरवली आणि जरा कापऱ्या आवाजात म्हणाले, "एकमत." मी ट्रे खाली ठेवला आणि आत जाऊन डाळ धुवायला लागले. ती डाळ मी किती वेळा धुतली असेन, मला सांगता येणार नाही. स्टेज, माईक, हार, घरोघरी हात जोडत हिंडणं, असं सगळं डोळ्यांपुढे येत होतं. अर्ज दुसऱ्या दिवशी भरायचा होता.

संध्याकाळी हे मित्राकडे गेलेले, मी भजी तळायला घेतली होती. दारात कडी वाजली. मी "या" म्हटलं, तरी घरमालक आत आले नाहीत. पायरीवर बसले, माझ्याकडे पाठ करून, तोंड रुळांकडे.

"नको, इथेच बरं आहे," म्हणाले. "सकाळी एकमत झालं."

"हो."

"त्यात तुमचं मत कुठे होतं?"

"ह्यांनी हात वर केला ना."

"त्यांचा हात त्यांचा. ते म्हणाले, ती कशालाच नाही म्हणत नाही. ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणून विचारायला आलो. तुम्हाला उभं राहायचंय का?"

"मला बोलता येत नाही, काका."

"ते येईल. आमच्यातल्या कुणाला धड येतं? येतं का, हे मी विचारलंच नाही. राहायचंय का?"

मी आधी गॅस बंद केला, हे मला नीट आठवतं. मग त्यांच्या पाठीकडे बघत म्हटलं, "नाही." तो शब्द इतका मोठ्याने आला की शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

"बरं," घरमालक म्हणाले. उठले. चपला शोधायला त्यांना वेळ लागला, पायाखालीच होत्या. जाताना त्यांचा चेहरा मला दिसला, आणि वाटलं की आता ते "आणि" म्हणून पुढचं काहीतरी सांगतील, या नाहीची किंमत काय ते तरी सांगतील. मी वाट बघत उभी राहिले. त्या दिवशी मात्र ते पुढचं काही बोलले नाहीत. सावकाश ओसरीवरून चालत गेले.

सकाळी इंजिनियर गाडी घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची फाईल. मी दाराआडच होते.

"वहिनी तयार आहेत ना? आज शेवटचा दिवस आहे."

"त्यांना उभं राहायचं नाही," घरमालक म्हणाले.

"का?"

"ते मी विचारलं नाही."

"काका, असं कसं विचारलं नाही?"

"नाही म्हणणाऱ्याकडे कारण मागायचा मला काय अधिकार?"

"मी दोन मिनिटं बोलतो त्यांच्याशी. समजावतो."

"काल सकाळी हात वर करायच्या आधी बोलला असतास, तर ते समजावणं झालं असतं. आता ते ढकलणं होईल."

इंजिनियर खाली बसला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "काका, एका बाईच्या नाहीसाठी तुम्ही सगळा पक्ष बुडवताय."

"मग पक्ष काढला कशासाठी होता?"

मग इंजिनियर म्हणाला, आणि त्याचं म्हणणं मला तेव्हाही खोटं वाटलं नाही, "आज तुम्ही वहिनींचं 'नाही' राखलंत. पण उद्या त्या हातगाडीवाल्यांचं कोण राखणार? त्यासाठी आत कुणीतरी असावं लागतं. ओसरीवर बसून ते होत नाही."

"तुझं बरोबर आहे," घरमालक म्हणाले. "पण माझ्याच्याने होणार नाही."

इंजिनियर उठला, त्यांच्या पाया पडला आणि गेला. पुढच्या रविवारी सतरंजीवर घरमालक आणि चाचा दोघंच होते. मी चहा नेला. चाचा म्हणाले, "काका, आता कुठल्याही गोष्टीवर एकमत व्हायला हरकत नाही." घरमालकांना हसू आलं, पण ते लगेच मावळलं. ह्यांनी मला घरात विचारलं, "मला आधी सांगायचं नाहीस का?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलंच नाही." तेव्हापासून हे विचारतात, उगाच लहानसहान गोष्टीतही विचारतात, भाजी कुठली आणू म्हणूनसुद्धा. काकूंनी मात्र त्या दिवशी मला बोलावून गरम शिरा खायला घातला. "बरं केलंस, बाई. ह्यांना एकीनं तरी न्हाई म्हनायचं हुतं. मी म्हनते ते ह्यास्नी ऐकू येत न्हाई."

इंजिनियर पॅनेलमध्ये गेला, त्याच्या बाजूच्या वॉर्डातून उभा राहिला आणि निवडून आला. पहिलं वाक्य तो फार छान बोलतो. माणूस चांगलाच राहिला, कामंही करतो. हातगाडीवाल्यांना त्याने एका रस्त्याच्या कडेला आखीव जागा मिळवून दिल्या, प्रत्येकाला परवाना, प्रत्येकाचा नंबर. घरमालक ते बघायला मुद्दाम गेले होते. मी आणि काकू बाजाराला निघालो होतो, त्यांच्याबरोबरच. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, एका गाडीवर पाणीपुरी खाल्ली आणि म्हणाले, "चांगलं केलंय पोराने. आता ह्यांच्या गाड्या कुणी उचलणार नाही." थोडं पुढे गेल्यावर, आम्हाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "नवीन येणाऱ्याने कुठे उभं राहायचं, एवढंच राहिलं."

आता ती ओळ नाही. तिथे इमारत उभी राहतेय. जागा बिल्डरला द्यायच्या आधी घरमालक एकेका खोलीच्या दारात जाऊन विचारून आले होते, आणि एक म्हातारी तयार नव्हती म्हणून सगळं काम अडकून पडलं होतं; शेवटी ती आपणहून भावाकडे राहायला गेली. आम्ही चिंचवडला छोटा फ्लॅट घेतला. घरमालक आणि काकू पुनावळ्याला लेकीकडे असतात. गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. रस्त्याने सगळीकडे निवडणुकीचे फलक लागले होते, हात जोडलेल्या बायकांचे मोठमोठे चेहरे. घरमालक खूप वाळले आहेत. बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात, खाली पोरं खेळतात ती बघतात. काकू आत चहा ठेवायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, "मशीनवर तुमचं नाव कसं दिसलं असतं, ते मला बघायचं होतं." ते लगेच म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही हं. मी बरोबरच केलं, तुम्हीही बरोबरच केलंत. मला बघायचं होतं, इतकंच."

पुढे त्यांनी काही विचारलं नाही. एकदा नाही म्हणालेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे त्याला दमवणं, असं ते मानतात. आम्ही चहा प्यायलो, लेकीच्या मुलांबद्दल बोललो, काकूंनी मला लोणच्याची बरणी बांधून दिली. परतताना बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि त्या फलकांवरची नावं माझी मीच वाचत होते, एकेक अक्षर लावून. माझं नाव तसं तीनच अक्षरांचं आहे, मोठ्या छपाईत लवकर वाचून झालं असतं. मनात आलं, की त्या संध्याकाळी ते पायरीवर बसले होते तसे आज येऊन बसले असते, तर मी जरा वेळ मागून घेतला असता. हो म्हटलं असतं असं नाही. पण उद्या सांगते, म्हटलं असतं.